मिठाचा अंदाज

नवं औषध घ्यायचं की नाही, हा निर्णय सर्वस्वी पेशंटचा असतो, असं डॉक्टरांनी गंभीरपणे सांगितलं होतं. म्हणून रविवारी सकाळी धम्मप्रियाच्या घरी, ती धरून, नऊ जण जमले.

अध्यक्षस्थानी यशपालमामा. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात तीस वर्षं युनियनचा सचिव राहिलेला हा माणूस घरात पंखा कुठं लावायचा यावरही ठराव घ्यायचा. त्यानं वही उघडली. धम्मप्रिया भिंतीला टेकून बसली. विषय आपलाच आहे हे तिला ठाऊक होतं, पण ऐकताना तो शेजारच्या कुणाचा तरी वाटत होता.

आजार जन्माचा, सिस्टिक फायब्रोसिस. अंगातले स्राव घट्ट होऊन फुप्फुसं आणि पोट बिघडतं, घामातून मीठ वाहून जातं. तीन वर्षांपूर्वी हैदराबादला तिला एका अनोळखी माणसाची फुप्फुसं बसवली. त्यांना हा आजार नव्हता. बाकीच्या धम्मप्रियाला होता. नवी गोळी त्या बाकीच्यासाठी.

"आन् फुप्फुसाला?" तिच्या भावानं, दिपकनं विचारलं.

"काय फायदा न्हाय. उलट फुप्फुसं टिकवायच्या औषधाशी भांडण होऊ शकतं. लिवर बिघडू शकतं." मामानं वहीत टिपलेलं डॉक्टरांचं म्हणणं वाचलं.

"मग चांगलं चाललेलं कशाला उसकटायचं?"

"रोज पोट धरून बसती, ते चांगलं व्हय रं?" मामी तडकली.

आई, मीनाबाई, शेवटी बोलली. "श्वास घेतीया की पोरगी. मला तेवढं लई हाय."

सव्वीस वर्षं ती लेकीच्या कपाळाला ओठ लावून घामाचा खारटपणा बघायची आणि त्या अंदाजानं आमटीत जास्तीचं मीठ घालायची. पोरीला वेगळं वाटू नये म्हणून पातेलं एकच. अख्खं घर खारट जेवायचं. ऑपरेशननंतर इन्फेक्शनच्या भीतीनं ओठ लावणं बंद झालं. आमटी जुन्याच अंदाजानं चालली होती.

ठराव: गोळी घेऊ नये. बाजूनं सहा, विरोधात दोन. धम्मप्रियाला कुणी विचारलं नाही.

मीनाबाई उठली. का कुणास ठाऊक, तिनं मास्क खाली ओढला आणि लेकीच्या घामेजल्या कपाळाला ओठ लावले. थांबली. पुन्हा लावले.

"अगं, तू अळणी लागतीयास."

"गोळी सुरू करून सतरा दिवस झाले, आई. डॉक्टरांनी विचारलं, तिथंच व्हय म्हणले. दोनदा रक्त तपासलं, बरं हाय. सांगायचं राह्यलं."

"मग सकाळधरनं गप का बसलीस?" मामा ओरडला.

"तुमी मतदान घेत होता की."

मामानं पेनाला टोपण लावलं.

संध्याकाळी मीनाबाईनं आमटीत पहिल्यांदाच बेतानं मीठ घातलं. धम्मप्रिया सोडून सगळ्यांनी वरून घेतलं.