खिडकीच्या या बाजूला

"सुट्टीवर आलोय की ड्युटीवर, तेच कळेना," जावई पाठीवरची पिशवी सावरत पुटपुटला. सकाळचे पावणेआठ वाजले होते. थीम पार्कचं फाटक नऊला उघडणार होतं.

आजीच्या कानांना काही झालेलं नव्हतं. नऊला आलं की अकरापर्यंत लोकांच्या पाठीच बघाव्या लागतात, असं तिने मागे न वळताच सांगितलं.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे तिने एकतीस वर्षं काढली होती. गर्दी तिला तोंडपाठ होती. माणसं आत शिरली की बहुतेक उजवीकडे वळतात. पुढचा जिथे थांबतो तिथे मागचा थांबतो, कशासाठी ते विचारत नाही. साडेबाराला सगळ्यांना एकदम भूक लागते. परदेश झाला म्हणून पोटं काही वेगळी नसतात. जावयाच्या फोनमध्ये कुठे किती गर्दी आहे ते दाखवणारं ॲप होतं. ते आत्ताची गर्दी सांगायचं, आजी अर्ध्या तासानंतरची.

फाटक उघडलं. सगळे उजवीकडे पळाले; आजी, लेक, जावई आणि नात हे चौघे डावीकडे. दहापर्यंत तीन खेळ झाले. अकराला तिने सगळ्यांना जेवायला बसवलं. या वेळेला घरी आपला दुसरा चहा असतो, अशी कुरकुर जावयाने करून बघितली. साडेबाराला लोक हातात ताटं घेऊन जागा शोधत फिरू लागले, तेव्हा हे चौघे रिकाम्या आकाशपाळण्यात बसून वरून त्यांची मजा बघत होते. खाली उतरल्यावर जावयाने ॲप बंद केलं आणि म्हणाला, "आई, मानलं तुम्हाला." आजीने मान डोलावली. हे तिला अपेक्षितच होतं.

प्रत्येक खेळ संपला की ती आधी बाक गाठायची. पुढचा बेत तिथे बसूनच सांगायची.

लेकीने हॉटेलच्या खोलीत आईच्या उशीखाली कमरेचा पट्टा पाहिला होता. आईच्याच पर्समध्ये दुखण्याच्या गोळ्यांची अर्धी रिकामी पट्टीही पाहिली होती. दोन्ही वस्तू तिने जिथल्या तिथे ठेवल्या. जावयाने सकाळी फक्त एक माहितीफलक मोठ्याने वाचला होता. ज्यांना रांगेत उभं राहणं जमत नाही, त्यांनी मदतीच्या खिडकीवर तसं सांगावं. वेळ घातलेली चिठ्ठी मिळते, ती वेळ होईपर्यंत कुठेही बसा.

"माझ्या खिडकीवर रोज चाळीस जणांना चक्कर यायची," आजी म्हणाली होती. "नंबर लागला की उतरायची."

विषय तिथेच मिटला. तिचा स्वतःचा नवरा एकदा तापाने फणफणत दवाखान्यात आला होता. त्यालाही तिने रांगेतून या म्हणून सांगितलं होतं. तो बिचारा रांगेतून आला, आणि पुढे जन्मभर ते पाहुण्यांना सांगत राहिला.

नातीला खरा एकच खेळ हवा होता. अंधाऱ्या गुहेतून जाणारी होडी. एका होडीत दोघांचीच जागा. नात आठ वर्षांची, तिला एकटीला सोडत नव्हते, आणि आईबाबांबरोबर बसायला तिची तयारी नव्हती. आजीबरोबरच जायचं, हे दोन वर्षं फोनवर ठरत आलं होतं. पण होडीची रांग दिवसभरात दीड तासाच्या खाली येत नव्हती. त्यावर आजीने उपाय काढून ठेवला होता. तीन वाजता चौकातून बाहुल्यांची मिरवणूक निघते. गर्दी तिकडे धावली की रांग दहा मिनिटांवर येईल. दहा मिनिटं जमली असती. सगळ्या दिवसाची मांडणी त्या दहा मिनिटांवर होती.

पावणेतीनला वारा सुटला. मिरवणूक रद्द झाल्याचं कर्ण्यावरून सांगण्यात आलं. होडीच्या फलकावर आकडा चढला : पंचाण्णव मिनिटं.

सकाळपासून पहिल्यांदाच आजीकडे पुढचा बेत नव्हता. लेक पर्समध्ये नसलेली वस्तू शोधू लागली. जावयाने बंद केलेलं ॲप उगाच उघडलं.

"तू बाकावर बस ना आजी," नात म्हणाली. "मी उभी राहते. आपला नंबर आला की तुला हाक मारते."

आजीला पहाटे चारपासून नंबर धरायला दवाखान्याच्या दाराशी ठेवलेल्या पिशव्या आणि छत्र्या आठवल्या. त्या ती उचलून कोपऱ्यात ठेवायची. नंबर माणसाचा असतो, पिशवीचा नाही, असं ऐकवायची. त्या पिशव्या कुणाच्या असतील, ते लोक कुठे टेकले असतील, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. आता समोर नात उभी होती, पंचाण्णव मिनिटांच्या तयारीने, बुटांच्या नाड्या घट्ट बांधून. म्हणजे हिलाही दिसलं होतं.

ती बाकाच्या पाठीला धरून उठली आणि चालू लागली. होडीकडे नाही, मदतीच्या खिडकीकडे. तिथेही चार माणसं होती. जावई पुढे जाऊन विचारू का म्हणाला, तर तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. ती पाचवी उभी राहिली.

नंबर आला. खिडकीतली मुलगी खाली मान घालून कागद भरत होती. तिने वर न बघताच काहीतरी विचारलं.

"काय त्रास होतोय, असं विचारतेय," लेक म्हणाली.

आजीला वाक्य ओळखीचं होतं. एकतीस वर्षं तिने ते दिवसातून दोनशे वेळा विचारलं होतं, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत पुढच्याला बोलावलं होतं. या मुलीने मात्र पेन खाली ठेवलं. मान वर केली आणि ती थांबून राहिली.

लेक चाचरली. आईचं वय झालंय एवढंच सांगते, असं हळूच म्हणाली.

"वयाचं काय घेऊन बसलीस," आजीने खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकले. "तिला सरळ सांग, माझ्या आईच्याने आता उभं राहवत नाही."