चार माणसांपुढे

अक्षदा कपाटावर मुठी आपटत होती आणि मल्हाररावांनी खिशातून आपला फोन बाहेर काढला.

पोरीचा फोन त्यांनीच सकाळी कपाटात घालून कुलूप लावलं होतं. दुसरं करणार तरी काय? तिने जेवण सोडलं, झोप सोडली, कॉलेजही सोडल्यात जमा होतं. आपल्या रीलला किती लाइक आले ते बघायचं आणि कमी आले की भिंतीकडे तोंड करून पडायचं, एवढाच उद्योग. डॉक्टर म्हणाले होते, फोन हळूहळू कमी करा. मल्हाररावांचा स्वभाव काही हळूहळूचा नव्हता.

"द्या ना आबा, पाया पडते," म्हणत ती जमिनीवर लोळायला लागली. तिला आवरता आवरता तिची आई सत्यशीलाही रडायला लागली. मल्हाररावांनी ते सगळं फोनमध्ये टिपलं. "बघा, कशी करती माझी लेक," हा त्यांचा आवाजही त्यात आला. मग त्यांनी तो व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर टाकला. कोणी जाणतं असेल तर इलाज सांगा, असं खाली लिहिलं.

यात काही वावगं आहे हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. वाळूजच्या कंपनीत लागेपर्यंत त्यांचं आयुष्य मेंढरांमागे गेलं होतं. मुक्कामी कुणाचं दुखणं निघालं की ते शेकोटीभोवती सगळ्यांपुढे मांडायचं. कुणी झाडपाला सांगे, कुणी वैद्य, कुणी रात्रभर उशाशी बसे. दुखणं लपवणाऱ्याला लोक नावं ठेवत. आता भावकी फोनमध्ये बसते, एवढाच काय तो फरक त्यांना दिसला.

इलाज आलेही. कुणी खंडोबाला भंडारा वाहायला सांगितलं, कुणी डोक्याला बदामाचं तेल. पुढे ग्रुपवर दुसरे विषय आले आणि मल्हारराव व्हिडिओचं विसरूनही गेले.

पोर मात्र सावरत गेली. आधी झोप लागायला लागली. मग एका सकाळी आईपाशी बसून ती पोटभर जेवली, तेव्हा मल्हाररावांना तोंड धुण्याचं निमित्त करून मोरीत जावं लागलं. एका रविवारी त्यांच्या गाडीवर बसून ती हर्सूल तलावापर्यंत फिरून आली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आबा, कॉलेजला जाऊ का आजपासून?" त्या आनंदात त्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

दुपार व्हायच्या आत ती परत आली. बॅग खांद्यावर तशीच ठेवून भिंतीला टेकून खाली बसली.

"काय झालं बाळा? फोन पाहिजे व्हय? देतो. लई दिस झाले आता." त्यांनी किल्ली काढलीसुद्धा.

तिने मान हलवली. "माझा व्हिडिओ कॉलेजात सगळ्यांकडं हाय. भावकीतल्या कुणीतरी बाहेर सोडला. त्याला गाणं लावलंय. हसतेत सगळे." ती रडत नव्हती, याचीच त्यांना भीती वाटली. "आवाज तुमचा हाय त्यात."

आपल्याच माणसांत टाकला होता, तुझ्यासाठीच टाकला होता, असं मल्हाररावांना सांगायचं होतं.

"माझा फोन तुम्ही काढून घेतला, आबा. बरंच झालं," ती म्हणाली. "आता ह्या सगळ्यांचे कसे काढून घेताल?"