रिकाम्या हाताची नोट

भिंती रंगवणाऱ्या एका चित्रकाराने मोजक्याच खऱ्या नोटांवर पाठमोरी बाई काढली होती. तिचा एक हात बाजूला, रिकामा, कुणीतरी धरावा म्हणून पुढे केलेला. पोटाला चिमटा काढून त्याच्या एका चाहत्याने त्यातली एक नोट मिळवली होती. चाहत्याच्या बायकोने ती दुधाला दिली.

"मला काय स्वप्न पडलं होतं? नोट दिसली, दिली."

तो लेकीला घेऊन डेअरीकडे धावला. तिला दुकानाच्या पायरीवर बसवून त्याने डेअरीवाल्याला गल्ला उपसायला लावला.

"हीच ना?" डेअरीवाला म्हणाला. "पण साहेब, यात दोघी आहेत."

बाईने एका लहान मुलीचा हात धरला होता. मुलीच्या एकाच पायात बूट होता.

त्याने वळून पाहिलं. पायरीवर दुसरा बूट पडला होता.