एका फुप्फुसावर दोघे

"गॅसचा व्हॉल्व्ह गळतोय हे ठाऊक असूनही माझ्या भावाला आत पाठवलंस!" मुरलीधरने त्याच गळतीत सापडून रुग्णालयात बेशुद्ध पडलेल्या मॅनेजरवर पहार उगारली. अडवायला आलेल्या सिस्टर कुंदाचा हात त्याने एका घावात मोडला. पुढच्या घावाने उशाजवळच्या कृत्रिम फुप्फुसाची मोटर फुटली. नळ्यांमधलं लाल रक्त काळवंडू लागलं.

"अरे, इथे यंत्र एकच, आणि दोघांचा रक्तगट एक म्हणून तुझा भाऊही याच यंत्रावर आहे!" सिस्टर किंचाळली.

पडद्याआड शांताराम निळा पडत होता. मुरलीधरच्या हातून पहार गळाली.

"सिस्टर, काय करू?"

"मोटरऐवजी पंपाचं हे हँडल हाताने फिरव. थांबलास तर दोघंही जातील."

दुसरं यंत्र यायला दोन तास लागले. पोलिसांनी त्याच्या डाव्या हातात बेडी घातली आणि उजव्या हाताने हँडल फिरवू दिलं. शांताराम वाचला. ज्याला मारायला मुरलीधर आला होता, तोही वाचला.