कोळशीची उजवी बाजू

अर्धा टब तपासून झाला, तरी खुणेची कोळशी मासळी एकच निघाली होती. स्नेहल मॅडम एकेक मासा पाण्यातून उचलायची, उजव्या कल्ल्यामागचा पर बोटानं पसरून बघायची, मान हलवायची आणि मासा परत भीमेत सोडायची. होडीचा मालक अयुब शेजारी उभा राहून टबात उरलेले मासे मोजत होता.

मागच्या महिन्यात हीच बाई मत्स्य खात्याकडून दौंडला आली होती. अयुब आणि त्याचा जोडीदार महेंद्र यांच्या होडीतूनच तिनं ढीगभर कोळशी धरल्या, प्रत्येकीचा उजवा पर जरासा कातरला आणि डोहात सोडून दिल्या. "आता पुढच्या महिन्यात परत धरू. खुणेच्या किती सापडतात, त्यावरून नदीत मासळी किती ते कळतं. कमी निघाली तर या डोहात जाळं बंद," एवढं सांगून ती जीपमध्ये बसली.

जाळं बंद म्हणजे अयुबचं सगळंच बंद. पन्नाशी उलटलेल्या माणसानं आता रांजणगावच्या कंपनीच्या बसला हात दाखवत उभं राहायचं का? आणि तिथं त्याला गेटवर तरी कोण ठेवणार? महिनाभर त्याला जेवण गोड लागलं नाही. महेंद्रचं डोकं मात्र नको तिथं फार चालायचं.

"खुणाच पायजेत ना त्यांस्नी? मंग आपणच पाडू की," तो म्हणाला.

म्हणून आज सकाळी, मॅडमची जीप यायच्या आत, जाळ्यातल्या चार-पाच कोळशींना अयुबनं कात्री लावली. बायकोची, हमीदाची, ब्लाउज शिवायची कात्री. जन्मात कधी असला चोरटा धंदा केला नव्हता. ती कात्री आता खिशात मांडीला टोचत होती.

टबाच्या तळाशी त्याच कोळशी उरल्या. स्नेहलनं एक उचलली आणि थबकली. उलटीसुलटी करून बघितली. मग दुसरी, मग तिसरी.

"चाचा, यांचा डावा पर कुणी कातरला?"

अयुबच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. सकाळी त्यानं मासा माणसासारखा तोंडासमोर धरला होता, आणि आपल्या उजव्या हाताला आला तो पर कापला होता. माशाचा तो डावा. महेंद्र तर लगेच जाळं झटकायला पलीकडं निघून गेला. आता खोटं बोलून काय उपयोग होता?

"म्याच कापला, मॅडम," अयुब खाली मान घालून म्हणाला. "खुणा कमी निघाल्या तर तुम्ही जाळं बंद करनार. मला दुसरं काय येत न्हाई वो."

 स्नेहल होडीच्या काठावर मटकन बसली.

"खुणा नाही हो चाचा, मासळी कमी निघाली तर, असं म्हणाले होते मी. नदीत थोडीच मासळी असती, तर आमच्या खुणेच्याच फिरून फिरून जाळ्यात आल्या असत्या. इथं इतक्या कोळशी आहेत, की आमच्या त्यांच्यात कुठं हरवल्या पत्ता नाही. डोह भरलेला आहे. टाका खुशाल जाळं." तिनं हातातली कोळशी पाण्यात सोडली. "या मी मोजणीत धरतच नाही, खूण आमची नाही. पण तुम्ही उजवी बाजू कापली असती ना, तर आज मीच तुमचं जाळं बंद करून गेले असते."

अयुबचा जीव भांड्यात पडला. 

संध्याकाळी हमीदानं मशीनवरची कात्री उचलली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"माझ्या कात्रीनं मासळी कापली व्हय?"

"कापली," अयुब म्हणाला. "पन अल्लाचा शुकर, डावी कापली."