दीमकची दवा

“ही बाटली तुले कोनं देल्ली?” लहान बहिणीच्या हातातली बाटली पाहून शकिलानं विचारलं.

अंगणात ड्रममधून दीमकची, म्हणजे लाकडाच्या वाळवीची, दवा बाटल्यांत उतरत होती. बल्लारपुरातल्या सागवानाच्या दुकानांतून थेट वडशापर्यंत हीच दवा जायची. धंदा शकिलाच्या नवऱ्याचा, अजीमचा; बाटल्या भरायचं काम तिचं. धाकटी जाऊ रूही, लग्नाला वर्षही न झालेली, बाजूला बसून लेबलं चिकटवत होती.

“मीच नेली, मांगच्या ईदले,” तबस्सुम म्हणाली. शकिलाची ही लहान बहीण हैदराबादला एका प्रयोगशाळेत कामाला होती.

“न इचारता?”

“इचारलं असतं तं देल्ली असती?”

तबस्सुमनं दोन फोटो पुढे केले. एकावर हिरवे ठिपके दाटीवाटीनं बसलेले. दुसऱ्यावर लाल ठिपके, तेही विरळ. हिरव्या त्या जिवंत पेशी, लाल त्या मेलेल्या. लाल फोटोतल्या पेशींवर दवेचा जरासा अंश टाकला होता.

“हे कोन्या मानसानं मोजलं नाई, आपा. मशीनच फोटो काढते, मशीनच मोजते. तिले ना तुह्यी ओळख, ना दुल्हेभाईची.”

“कशाच्या पेशी ह्या?”

“वारेच्या. पोटातलं लेकरू जिच्यावर जगते, त्या वारेच्या.”

रूहीचा हात थांबला. शकिलाचा थांबला नाही, पण दवा बाटलीच्या तोंडावरून खाली वाहू लागली. तिची कूस दोनदा भरली होती, दोन्हीदा मधूनच रिती झाली होती. सासू नजर लागली म्हणाली होती.

“म्हंजे माह्ये लेकरं मीच मारले, हे सांगाले आली तू?”

“आपा, मी असं कुठी—”

“मंग कसं? नजर लागली म्हनत होते, थेच बरं होतं. नजर परक्याची असते.” शकिला उठली. ओल्या हातानंच तिनं ते फोटो चुरगाळले आणि बहिणीच्या अंगावर फेकले. “निंघ. पुन्हा या दारात दिसली तं तू माह्यी बहीन हायेस, हे मी इसरून जाईन.”

फोटो न उचलताच तबस्सुम बाहेर पडली. शकिलानं तिच्यामागं दार आपटलं, कडी लावली आणि परत येऊन बसली. नरसाळं पुढच्या बाटलीत खोचलं.

“ऊठ इथून,” ती रूहीवर खेकसली.

“काऊन, भाभी?”

“तुले धड लेबल लावता येत नाई. उद्यापासून या अंगनात पाय ठेवशीन तं याद राख.”

रूहीनं आपल्या पुढ्यातल्या बाटल्यांकडे पाहिलं. एकही लेबल वाकडं नव्हतं. शकिलानं त्या सगळ्या बाटल्या स्वतःकडे ओढून घेतल्या.