धूर खाणारं शेवाळ

कॉलेजात संशोधन करणारी उल्का सकाळी बेकरीच्या गच्चीवर आली आणि जागीच थांबली. सहाच्या सहा काचेच्या नळ्या लख्ख होत्या. इतक्या, की पलीकडचं येरवडा आरपार दिसत होतं.

"साहेब येणार म्हणून धुऊन काढल्या," बेकरीवाल्या मकसूदचाचांची बायको जुबेदाचाची कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. "ब्लीचिंग पावडर लावली. केवढं शेवाळ साचलं होतं गं. लाज गेली असती."

उल्का खालीच बसली. त्या शेवाळासाठीच तर नळ्या होत्या. भट्टीचा धूर गार करून आत सोडायचा आणि शेवाळाने त्यातला कार्बन डायऑक्साइड खायचा, असा सगळा मामला. लाकडाचा धूर पचवायला त्याला चार महिने लागले होते. मकसूदचाचांची भट्टी ठेवायची की बंद करायची, हे पालिकेचे साहेब अकरा वाजता तेच बघून ठरवणार होते. पाहुणा येणार म्हटलं की घर घासायला घेणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलंच नव्हतं. चूक उल्काचीच होती आणि ते तिला कळत होतं, म्हणून तर तिला रडू आलं.

मकसूदचाचा हाताचा मैदा पुसत वर आले. नळ्यांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि खाली गेले. परतले ते लोणच्याची काचेची बरणी घेऊन. आत गर्द हिरवं पाणी.

"खिडकीत ठेवतो. दर जुम्म्याला जुनं ओततो, नळीतलं नवं भरतो."

"कशासाठी, चाचा?"

"पावाचं खमीर कधी सगळं वापरून टाकतात का? थोडं मागे ठेवायचंच. मला वाटलं, हेही तसलंच काहीतरी."

ब्लीचिंगचा वास जाईपर्यंत उल्काने नळ्या साध्या पाण्याने खळखळून घेतल्या. बरणी एका नळीलाच पुरली. तीही उल्काने सगळी ओतली नाही, तळाशी दोन बोटं राखली. मग धूर सोडला. हिरव्या पाण्यातून बुडबुडे वर चढू लागले आणि तिच्या जिवात जीव आला.

साहेब नेमके वेळेवर आले. बराच वेळ त्या नळीपाशी वाकून उभे राहिले.

"बाकीच्या पाच रिकाम्या का?"

"त्या मी धुतल्या," जुबेदाचाची म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी या. हिरव्या करून ठेवते."

"शुक्रवारी मीटिंग आहे. शनिवारी येतो." जिना उतरता उतरता साहेब थांबले. "आणि तोवर भट्टी विझवू नका. याला खायला काय घालणार?"